चुकीला दोन मार्क

ऑगस्ट संपत आला तरी नववी ‘ब’च्या गणिताच्या वहीत वीस उदाहरणंसुद्धा झालेली नव्हती. शेजारच्या ‘अ’ तुकडीत नंदकुमार सर तोवर चार धडे उरकून मोकळे झाले होते. कोपरखैरण्यातली ही शाळा मराठी माध्यमाची, आता इयत्तेला दोनच तुकड्या उरलेली. दोन्ही तुकड्यांच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप एकच, त्यामुळे ‘अ’च्या भरलेल्या वह्या ‘ब’च्या आयांना घरबसल्या दिसत होत्या. एका आईने लिहिलं, “आमच्या टीचर एका पिरियडला एकच गणित घेतात. फी तर सेमच आहे ना?” खाली अंगठ्यांची रांग लागली.

त्या टीचर म्हणजे जयमाला घाग. वय एकोणपन्नास. मूळच्या चिपळूणकडच्या, लग्नानंतर इकडे आल्या, राहतात सीवूड्सला. पंचवीस वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनीही नंदकुमार सरांसारखंच शिकवलं: फळ्यावर सूत्र, खाली सोडवलेली दोन उदाहरणं, उरलेली घरी. निकाल चांगले लागायचे. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार त्यांची स्वतःचीच होती, आणि ती मुलांच्या एका प्रश्नाबद्दल होती. पुस्तकाबाहेरचं काही दिलं की मुलं पेन खाली ठेवून विचारायची, “टीचर, हे कुठल्या टाइपचं?” टाइप सांगितला की पाच मिनिटांत उत्तर हजर. नाही सांगितला तर तास संपेपर्यंत वर्ग नुसता बसून. एकदा त्यांनी पुस्तकातलंच उदाहरण दिलं, आकडेही तेच ठेवले, फक्त शेतकऱ्याच्या जागी रिक्षावाला घातला. अर्ध्या वर्गाने ते सोडून दिलं. कारण विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, “टीचर, रिक्षावाल्याचं आपल्याला शिकवलंच नाही.”

हे ऐकून शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. जयमालाबाई हसल्या नाहीत. पुढच्या जूनमध्ये त्यांनी नववी ‘ब’ मागून घेतली आणि शिकवण्याची पद्धत उलटी केली. आधी उदाहरण, सूत्र मागाहून. उदाहरण परिसरातलंच, ज्याचा पुस्तकात पत्ता नाही असं: सोसायटीच्या लिफ्टचं, पार्किंगच्या पट्ट्यांचं, पावण्याच्या एमआयडीसीतून सुटणाऱ्या दोन टेम्पोंचं. मुलांनी चार-चार जणांत बसायचं, भांडायचं, चुकायचं. टीचर मधून फिरणार, पण उत्तर सांगणार नाहीत. विचारलं तर उलट विचारणार, “तुला काय वाटतं?”

हा प्रश्न जुलैपर्यंत वर्गात नकलेचा विषय झाला होता. डबा खाताना कुणी लोणचं मागितलं तरी दुसरा म्हणायचा, “तुला काय वाटतं, मी देईन?”

मुलं चुकायला तयार नव्हती, ही खरी अडचण. वही कोरी राहिली तरी चालेल, पण तिच्यात चुकीचं काही दिसता कामा नये, असं त्यांना पहिलीपासून शिकवलं गेलं होतं. पार्थ नावाचा हुशार मुलगा तर खोडरबर मुठीत धरूनच लिहायचा. म्हणून जयमालाबाईंनी एक नियम केला. चुकलेला प्रयत्न खोडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, तो का चुकला ते एका ओळीत लिहायचं आणि पुढे जायचं. घटक चाचणीत पाच मार्कांच्या प्रश्नात अशा चुकीला दोन मार्क मिळतील.

हा नियम त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता. आपल्या नोकरीतली सगळ्यात चांगली कल्पना हीच, असं त्यांना तेव्हा वाटत होतं.

मुख्याध्यापिका मीना सामंत यांच्याकडे पालकांचा तक्रारअर्ज आला तो सप्टेंबरच्या सुरुवातीला. सामंत मॅडम वाईट नाहीत. दरवर्षी जूनमध्ये पट मोजून तुकडी टिकते की जाते याची काळजी वाहणाऱ्या बाई आहेत. त्यांनी जयमालाबाईंना बोलावून घेतलं.

“दिवाळीपर्यंत तुमच्या पद्धतीने घ्या,” त्या म्हणाल्या. “दिवाळीच्या आधी एक खुला तास ठेवू. पालक येतील, कमिटीतून कुंदनशेठ येतील. त्यांना पटलं तर ही मुलं दहावीलाही तुमच्याकडेच. नाही पटलं तर दुसऱ्या सत्रापासून वर्ग नंदकुमार सरांकडे.”

“आणि मी?”

“सहावी रिकामी आहे.”

दहावीपर्यंत हा वर्ग आपल्याकडे राहिला तर काहीतरी होईल, असा जयमालाबाईंचा हिशेब होता. नऊ वर्षांची सवय मोडायला सहा महिने पुरत नाहीत. दीड वर्ष कदाचित पुरलं असतं. एवढंच त्यांना हवं होतं.

आणि सप्टेंबरच्या अखेरीस वर्गाची भीड अचानक मोडली. जी मुलं पेन खाली ठेवून बसायची ती धडाधड लिहू लागली. चुकीचा प्रयत्न, आडवी रेघ, कारण. दुसरा प्रयत्न, रेघ, कारण. मग बरोबर उत्तर. चाचणीत वर्गाची सरासरी ‘अ’ तुकडीच्या वर गेली. ग्रुपवर त्याच आईने जोडलेल्या हातांचे तीन इमोजी टाकले आणि “थँक्यू टीचर” लिहिलं.

जयमालाबाईंनी हे घरी सांगितलं. त्यांचे यजमान विलास घाग पावण्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात. त्यांनी पेपर खाली न ठेवता विचारलं, “एकदम सगळ्यांचं सुधारलं?”

“जवळजवळ सगळ्यांचं.”

“आमच्याकडे सगळी रीडिंग एकदम चांगली आली की आधी मीटर तपासतात.”

“अहो, मुलं आहेत ती. मीटर नव्हे.”

“बरं,” विलास म्हणाले आणि पान उलटलं.

या बोलण्याचा जयमालाबाईंना राग आला, आणि पुढे बरेच दिवस तो गेला नाही. कारण तपासायचं त्यांच्याही मनात आलं होतं, आणि त्यांनी तपासलं नव्हतं.

खुला तास ऑक्टोबरच्या मध्यावर, शनिवारी सकाळी झाला. मागच्या बाकांवर पालक बसले. पुढे तीन खुर्च्या: एक सामंत मॅडमची, एक नंदकुमार सरांची, मधली शाळा समितीचे अध्यक्ष कुंदन मढवी यांची. कुंदनशेठ शेजारच्या बोनकोडे गावचे. ज्या जमिनींवर सेक्टर उभे राहिले त्यांतली काही त्यांच्या आजोबांची. ते स्वतः आता इमारती बांधतात. शाळेला पंखे, बाकं आणि शौचालय त्यांनी दिलं आहे. गणिताबद्दल त्यांचं काही मत नाही, पण वर्गात मुलं बोलती असावीत असं त्यांना मनापासून वाटतं.

जयमालाबाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. एका सोसायटीची पुनर्बांधणी होते आहे. गच्चीवरची जुनी पाण्याची टाकी काढून नवी बांधायची. नव्या टाकीची लांबी, रुंदी, उंची तिन्ही जुन्याच्या दुप्पट. पाणी किती पट मावेल?

कुंदनशेठ खुर्चीत पुढे सरकले. उदाहरण त्यांच्या धंद्यातलं होतं.

मुलांनी गटांत कुजबुज केली. मग पार्थ उठला. फळ्याजवळ जाऊन म्हणाला, “पहिल्यांदा मला वाटलं, माप दुप्पट म्हणजे पाणीपण दुप्पट.” त्याने तसं लिहिलं. थांबला. कपाळावर हात मारला. “अरे, पण मापं तीन आहेत!” आडवी रेघ मारली. “मग मला वाटलं, दोन आणि दोन आणि दोन, म्हणजे सहापट.” पुन्हा थांबला, पुन्हा कपाळावर हात. “अरे, पण घनफळात गुणाकार असतो, बेरीज नाही!” रेघ. “दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठपट.”

मागून टाळ्या झाल्या. पार्थची आई मोबाइलवर शूटिंग करत होती. सामंत मॅडमनी नंदकुमार सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली.

“आता दुसऱ्या गटातलं कोणी,” जयमालाबाई म्हणाल्या. क्षिप्रा उठली. या मुलीला वर्गात तोंड उघडायला लावणं कठीण, म्हणून त्या खूश झाल्या. क्षिप्रा फळ्याजवळ गेली. “पहिल्यांदा मला वाटलं, दुप्पट,” ती म्हणाली. थांबली. आणि तिने कपाळावर हात मारला.

त्या हाताने जयमालाबाईंना सगळं सांगितलं. पार्थला तसं सुचेल. क्षिप्राला सुचेल. दोघांना त्याच शब्दावर, त्याच हाताने सुचणार नाही.

क्षिप्रा सहापटीवर पोचली तेव्हा पालक कौतुकाने हसत होते. तिथे तास संपवता आला असता. वर्ग आता जयमालाबाईंकडेच राहणार, हे ठरल्यासारखं होतं. सामंत मॅडमच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं. जयमालाबाईंनी डस्टर घेऊन फळ्यावरच्या उदाहरणाची शेवटची ओळ पुसली.

“पाणी नको,” त्या म्हणाल्या. “टाकी तीच. तिला आतून वॉटरप्रूफिंगचा रंग द्यायचा आहे. रंग किती पट लागेल? रंजिता, तू ये.”

रंजिता बोनकोडे गावातली, आवाजाने खणखणीत, न घाबरणारी. तिने खडू घेतला, उदाहरणाकडे एकदा बघितलं आणि सुरू केलं. “पहिला मना वाटला, दुप्पट.” हात कपाळावर. “अरे, पन मापं तीन हायत! मग वाटला, सहापट.” हात कपाळावर. “अरे, पन गुनाकार! दोन गुनिले दोन गुनिले दोन. आठपट!”

कुंदनशेठ स्वतः उभे राहून टाळ्या वाजवू लागले. “आमच्या गावची पोर हाय!” त्यांनी मागे वळून पालकांना सांगितलं.

“चूक,” जयमालाबाई म्हणाल्या.

टाळ्या थांबायला थोडा वेळ लागला.

“रंग टाकीच्या पोटाला नाही, भिंतींना लागतो. आठपट नाही. किती लागेल ते शोधा.”

त्यानंतर वर्गात काहीही झालं नाही. कुणी पेन उचललं नाही, कुणी गटात बोललं नाही. पार्थ वहीत डोकं घालून बसला. पालक एकमेकांकडे बघू लागले. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. शेवटी रंजिताने, फळ्याजवळ उभ्या उभ्या, अगदी सरळपणे विचारलं, “टीचर, आता चौथीपन चूक लिवायची काय? मार्क वाढवून देनार?”

मागे कुणीतरी खो-खो हसलं. सामंत मॅडमनी घंटेची वाट न बघता तास संपल्याचं जाहीर केलं.

पालक गेल्यावर जयमालाबाईंनी वर्गाला विचारलं. मुलांनी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. वर्गातली बहुतेक मुलं संध्याकाळी सौरभ सरांच्या क्लासला जातात. टीचरचं उदाहरण शाळा सुटताच त्यांच्या फोनवर पोचायचं. शिवाय टीचर काय विचारू शकतील याची यादी सरांनीच केली होती: टाकी, लिफ्ट, टेम्पो, पार्किंग. प्रत्येकाखाली दोन चुका आणि एक उत्तर. चुका पाठ करायच्या, उत्तराआधी लिहायच्या. खुल्या तासासाठी तर सरांनी थोडी प्रॅक्टिसही घेतली होती.

“कपाळावर हात मारायचा, हे पण सरांनी सांगितलं?”

“नाय टीचर,” रंजिता म्हणाली. “ता पार्थनी सुरू केला. सर बोलले, चांगला दिसतं, सगल्यांनी करा.”

सौरभ सर तिशीचे, इंजिनीअर, बोलायला नम्र. मोबाइलच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचा क्लास भरतो. जयमालाबाई त्याच संध्याकाळी तिथे गेल्या. सर खुर्चीवरून उठले, चहा मागवला.

“टीचर, रागावू नका. तुमची आयडिया ब्रिलियंट आहे,” ते म्हणाले. “पण तुम्ही चुकीला मार्क ठेवलेत. जिथे मार्क असतात ते आम्ही शिकवतो. मी नाही शिकवलं तर वाशीचा क्लास शिकवेल.”

“चूक शिकवायची नसते हो. ती व्हायला लागते.”

“बरोबर. पण चाचणीत ती वेळेत व्हायला लागते ना,” सौरभ सर म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. “मग पोरं टेन्शन घेतात. मला नाही आवडलं तुम्ही मार्क ठेवलेत ते, खरं सांगू? उत्तराचं पाठांतर होतंच. आता चुकांचंही झालं. पोरांना डबल लोड.”

जयमालाबाई उठल्या. चहा त्यांनी घेतला नाही. जिना उतरताना मागून सरांनी विचारलं, “टीचर, ते रंगाचं चौपट ना? पृष्ठफळ, म्हणून दोन गुणिले दोन?” त्या उत्तर न देता निघाल्या. सोमवारी नववी ‘ब’मधल्या प्रत्येकाला रंग चौपट लागतो हे माहीत होतं, आणि त्याआधीच्या दोन चुकाही.

घरी त्यांनी एवढंच सांगितलं की मीटरच बिघडलेला निघाला. विलास घाग यांनी या वेळी पेपर खाली ठेवला. बोलण्यासारखं त्यांनी आधीच बोलून घेतलं होतं.

निर्णय त्याच आठवड्यात झाला. सामंत मॅडमच्या खोलीत कुंदनशेठही होते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि का ते त्यांनी सांगितलं.

“टीचर, पोर आठपट बोलली, झकास बोलली. पालक खूश, आमी खूश. तुमी तितंच थांबायचं ना.”

“पण चूक होतं ते, शेठ.”

“असंल. पन ती चूक आमाला कुटं समजली होती?”

सामंत मॅडमनी वेळापत्रकाचा कागद पुढे केला. “तुमच्यावर राग नाही, जयमालाबाई. पण पुढच्या वर्षी ही मुलं बोर्डाला बसणार. आता पालक म्हणतात, टीचरचाच मुलांवर विश्वास नाही. दुसऱ्या सत्रापासून सहावी घ्या. लहान मुलं आहेत, तिथे तुमचं हे सगळं करता येईल.”

“तिसरीपासून क्लासला जातात ती,” जयमालाबाई म्हणाल्या आणि सही केली.

नववी ‘ब’वर त्यांचा शेवटचा तास दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी होता. नंदकुमार सरांनी सुट्टीसाठी दोन धड्यांचा अभ्यास आधीच देऊन ठेवला होता, त्यामुळे वर्ग खाली मान घालून तो उतरवत होता. जयमालाबाईंनी फळ्याच्या कोपऱ्यातला दोन मार्कांचा नियम पुसला. मग टाकीचं रंगाचं उदाहरण पुन्हा लिहिलं.

“उत्तर चौपट आहे, सगळ्यांना माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “याला मार्क नाहीत. चुकीलाही नाहीत, बरोबरलाही नाहीत. ज्याला बघायचं त्याने बघा.”

कुणी बघितलं नाही. पार्थने विनम्रपणे विचारलं, “टीचर, मग आम्ही सरांचं पूर्ण करू?” त्यांनी करा म्हटलं आणि खुर्चीवर बसल्या. पंचवीस वर्षांत वर्गात खुर्चीवर बसायची त्यांना सवय नव्हती.

तास निम्मा झाल्यावर रंजिताने हात वर केला. खुल्या तासाला सगळ्यांसमोर आपलं हसं झालं, याचा तिच्या डोक्यातला राग गेला नव्हता. त्या दिवसापासून ती टीचरशी धड बोलली नव्हती.

“टीचर, झाकनाला रंग लावायचा का नाय?”

जयमालाबाईंनी मान वर केली. “काय?”

“टाकीच्या झाकनाला. आतून बोलल्यात तुमी. आमच्या चाळीच्या टाकीला झाकन हाय, पन पत्र्याचा हाय, त्याला कोन रंग लावत नाय. झाकन धरला तर सहा बाजू, नाय धरला तर पाच. मग उत्तर बदलनार ना?”

हा प्रश्न सौरभ सरांच्या यादीत नव्हता. पुस्तकात नव्हता. जयमालाबाईंच्याही डोक्यात आला नव्हता. त्या उठल्या, रंजिताच्या बाकापाशी गेल्या आणि फक्त म्हणाल्या, “तुला काय वाटतं?”

कुणी नक्कल केली नाही. बाकीचे उतरवण्यात गुंतले होते. रंजिता लिहायला लागली. टाकी एक मीटरची धरली. झाकणासकट सहा चौरस मीटर. मोठी टाकी चोवीस. चौपट. मग झाकण सोडून पाच. मोठीचे तिने आधी एकवीस लिहिले, थांबली, बोटांवर बाजू मोजल्या, त्यावर आडवी रेघ मारली आणि वीस केले. या वेळी कपाळावर हात गेला नाही. तेही चौपट. ती वहीकडे बघत राहिली.

“दोनी हिशोबानी चारच येतं, टीचर.”

“हो.”

“असा कसा? एक अख्खी बाजू काडून टाकली मी.”

जयमालाबाईंनी नववी ‘ब’ मागून घेतली होती ती हा प्रश्न ऐकण्यासाठी. त्यांनी बाकावर हात टेकला. उत्तर सांगायचं नव्हतं. पुढचा प्रश्न विचारायचा होता, एक बाजू घेऊन बघ, ती किती पट होते. तेवढ्यात घंटा झाली. वर्ग उठला, दप्तरांच्या चेन ओढल्या गेल्या, कुणीतरी “हॅपी दिवाली टीचर” ओरडलं. रंजिताने वही बंद केली.

“थांब,” जयमालाबाई म्हणाल्या. “घाई नको. सुट्टीत बसून शोध. का चार येतं ते.”

“सुट्टीत कशाला, टीचर?” रंजिता दप्तर खांद्यावर टाकत म्हणाली. “सा वाजता क्लास हाय ना. सरांना इचारते.”